हळद की मेथी

"तिले काई सांगू नका बाई. जेठ लागला, हयद लावाची हाये तिले."

तिचा नवरा व्हरांड्यात उभा राहून हे माझ्याकडे बघून म्हणाला, पण ते माझ्यासाठी नव्हतं. मी ते इंग्रजीत करून विलायतेहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना द्यायचं होतं. वाशीमच्या त्या लहानशा दवाखान्यात मी दुभाषी होते. नागपुरात इंग्रजी शाळेत शिकून घरी परतलेली वकिलाची मुलगी, लग्न ठरेपर्यंत तेवढंच काम म्हणून. दिवसभर बोलत असे, पण त्यात माझं एकही वाक्य नसे.

आत, दाराच्या पडद्यामागे बाकावर ती बसली होती. पडदा पातळ होता.

तुम्हीही अशी एखादी माळीण पाहिली असेल, जी भाजी विकायला नव्हे, भांडायला आल्यासारखी येते. गावाबाहेर विहिरीवर त्या नवरा-बायकोचा मळा होता आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भाजी तीच घाली. पाटी उतरवली की गवारीची एक शेंग माझ्या कानाशी धरून कटकन मोडायची.

"आईक! शेंग बोलते, अन् तू काहून नाई बोलत व?"

मी हसून खाली बघायची. तिनं माझं नाव 'मडमेचं तोंड' ठेवलं होतं. "ये व मडमेच्या तोंडा! काय म्हन्ते तुही मडम? कालचे वांगे कडू लागले म्हन्ते? सांग तिले, वांगे गोड हायेत, जीभ कडू हाये." हे मी सौम्य करून सांगत असे. डॉक्टरीणबाईंना वाटे, ही बाई फार नम्र आहे.

मग तिचं डोकं दुखू लागलं. सकाळी उठल्याबरोबर दुखायचं, उलटी झाली की जरा उतरायचं. उजव्या हातातून पाटी निसटू लागली. एक दिवस ती वांग्याला दोडका म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली. तिनं ते वांगं उचललं, नीट पाहिलं आणि पुन्हा दोडकाच म्हणाली. मग कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत दिवा धरून पाहिलं आणि मुंबईच्या एका सर्जनला तार केली. लढाई नुकतीच संपली होती. या सर्जननी लढाईत जखमी शिपायांची डोकी उघडून शस्त्रक्रिया केल्या होत्या. डॉक्टरीणबाई स्वतः सोबत आहेत म्हटल्यावर वडिलांनी मला जाऊ दिलं. मोटारीनं अकोला, तिथून आगगाडी. नवरा कोपऱ्यात गुडघे आवळून बसला होता आणि ती खिडकीतून लोकांच्या शेतांना नावं ठेवत होती. "निंदलं नाई त्याईनं. तन माजून राह्यलं नुसतं."

इस्पितळात न्हावी आला आणि तिचे सगळे केस उतरवून गेला. ती डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "माहा बुढा जित्ता हाये अन् डोई साफ! वकिलाच्या घरची आत्याबाई केली मले." आमच्या घरी माझी बालविधवा आत्या तशीच होती, हे तिला ठाऊक होतं. माझा चेहरा पाहून तिनं डोक्यावरचा हात खाली घेतला. थोड्या वेळानं तिनं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. ते पुसायला नर्स आली तर तिचा हात धरून ठेवला.

शस्त्रक्रियेच्या वेळी तिला पूर्ण भूल द्यायची नव्हती. मेंदूतली गाठ बोलण्याच्या जागेला खेटून होती. बोलणं जातंय का, हे कळायला ती जागी हवी होती, आणि तिचं बोलणं कळायला मी. डोक्याची कातडी तेवढी बधिर केली. पांढऱ्या चादरींचा तंबू केला. पलीकडे सर्जन आणि तिचं उघडं डोकं, अलीकडे तिचा चेहरा आणि मी. तिचं डोकं घट्ट बांधलेलं होतं. मला जागचं हलायची मनाई होती. चादरीच्या आत श्वास कोंडत होता.

"काय करून राह्यले थे?" तिनं विचारलं. हाड कापल्याचा आवाज येत होता.

"मळ्यात काय काय लावलंय ते सांगा मावशी," मी म्हणाले.

"तुले कायले पाह्यजे? येणार हाये का निंदाले?" पण ती सांगू लागली. "हिरीपासून आधी मेथी. मंग सांबार." सांबार म्हणजे कोथिंबीर. "मंग वांगे. वांग्याच्या पल्याड…"

ओठ हलले, शब्द आला नाही. तिचे डोळे माझ्यावर खिळले. विहिरीत पडलेलं माणूस वर बघतं, तसे. मी इंग्रजीत ओरडले की ती थांबलीय. चादरीपलीकडचे हात थांबले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"…पल्याड हयद," ती म्हणाली.

सर्जन म्हणाले, बस, आता इथंच थांबायचं.

नंतर बाहेर त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बोलण्याच्या आड येत नव्हतं तेवढं काढलं. राहिलेलं काढलं असतं तर ती मुकी झाली असती, आणि ही गाठ अशा जातीची की काढूनही परत वाढतेच. वर्षभर मिळालं तरी खूप. मी बाजूला उभी होते. ते बोलणं इंग्रजीतून इंग्रजीत झालं, कुणाला पोचवायचं नव्हतं. म्हणून ते माझ्यापाशीच राहिलं.

आमच्याकडे रीत अशी की वाईट बातमी आधी घरच्या पुरुषाला सांगायची. बाईला किती सांगायचं ते तो ठरवतो. दिवाळीला वाशीमला परतल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं, मी सांगितलं आणि त्यानं ठरवलं, काहीच नाही. त्या दिवसापासून तो तिला जपू लागला. खुरपं लपवलं, विहिरीकडे जाऊ देईना, बाजार बंद केला. मी औषध घेऊन गेले की ती खाटेवरून म्हणे, "कोंबडी डालल्यावानी डालून ठेवलं मले बुढ्यानं. काहून व? बरी झाली नं मी?"

"औषध वेळेवर घ्या," मी म्हणत असे.

माझं तरी काय वेगळं होतं? त्या हिवाळ्यात आमच्या घरी मला बघायला पाहुणे येत. इंग्रजीत एखादं वाक्य बोलून दाखव म्हणत. मी बोलून दाखवी. ते खूश होऊन चहा पीत.

पण तो हिवाळा तिचा छान गेला. डोक्याला फडकं, खाली ते मोठं कुंकू, आणि डाव्या हातानं शेंगा मोडणं. "आईक! अजून बोलते!" वैशाखात पुन्हा शब्द गळू लागले. आधी भाज्यांचे, मग माणसांचे. नवऱ्याला ती नुसतं "ओ" म्हणू लागली.

पुढच्या फाल्गुनात रिसोडच्या बाजारात नवी हळद आली तेव्हा ती नव्हती. तोवर माझं लग्न होऊन मी परगावी गेले होते. बातमी सांगणाऱ्यानं ती सहज, दुसऱ्याच कुणाच्या बातमीच्या मागून सांगितली. अजूनही स्वयंपाकघरात कुणी गवार मोडू लागलं की मी मान वर करते.

तर ज्येष्ठातल्या त्या सकाळी, व्हरांड्यात. नवऱ्याचं म्हणणं मी इंग्रजीत करून दिलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. तेवढ्यात पडदा सरकला आणि ती बाहेर आली. कुंकू डाव्या हातानं लावल्यामुळे जरा तिरपं झालं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तळहात वर केला. हळदीचं बेणं निवडून नखं पिवळी झाली होती.

"थे… पिवयं," ती म्हणाली. "लावू? का… मेथी?"

हळद आठ-नऊ महिने जमिनीत राहते. मेथी महिन्याभरात हाती येते.

"लाव नं हयद!" नवरा घाईघाईनं हसत म्हणाला. "इचारतं काय त्यात? बेणं तयार हाये. मी हाये नं पानी द्याले."

तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, ती काय म्हणतेय? मी पहिल्यांदाच त्यांना उत्तर दिलं नाही.

"मडमेचं… नोको," ती म्हणाली. तिनं माझी हनुवटी धरली, पिवळ्या बोटांनी. "तुह्यं सांग."

"बाई…" नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला. त्यानं हात जोडले होते.

"मेथी लाव, मावशी," मी म्हणाले.