तंबोऱ्यावर

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात दत्तप्रसाद खरवंडीकरांनी जन्मभर यंत्रांचे नकाशे काढले आणि सुटीच्या दिवशी मैफलींची पोस्टरं. पोस्टरं कसली, संशोधनच ते. शंभर वर्षांपूर्वीची हस्तपत्रकं ग्रंथालयांत धुंडाळायची, बुधवार पेठेतल्या रद्दीतून उपसायची आणि त्यांतली अक्षरं, वेलबुट्टी हाताने पुन्हा रेखाटायची. पुराव्याशिवाय गडी स्वल्पविरामही देत नसे. संगीत मंडळाची माणसं वैतागत, पण पोस्टर पाहिलं की गप्प बसत.

त्यांची बायको मुक्ताई त्याच मैफलींत गायकांच्या मागे तंबोऱ्यावर बसे. तीस वर्षं बसली. तबलजीचं नाव छापलं जाई, पेटीवाल्याचं जाई, तिचं नाही. एकदाच ती म्हणाली, "अहो, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत चालेल की."

"जुन्या एकाही पत्रकात तंबोऱ्याचं नाव नाही. पुरावा दाखव, छापतो."

"मी तिथे बसते, हा पुरावा पुरत नाही वाटतं," म्हणून ती कणीक मळायला गेली. पुन्हा तिने विषय काढला नाही. तिला लागलंय हे न कळण्याइतके दत्तप्रसाद मठ्ठ नव्हते; हट्टी होते, आणि हट्टाला शिस्त म्हणत होते.

गेल्या श्रावणात मुक्ताई गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढे घर आवरताना, चैत्रात आणून माळ्यावर टाकलेला रद्दीचा एक गठ्ठा त्यांनी सोडला. त्यात नव्वद वर्षांपूर्वीचं एक पिवळं पत्रक निघालं. तळाशी स्वच्छ छापलेलं होतं, 'तंबोऱ्यावर : सोजरबाई'. पुरावा चार महिने घरात होता, आणि तेव्हा ती खाली स्वयंपाकघरात होती. दत्तप्रसाद माळ्याच्या शिडीवरच बसून रडले.

मंडळाने तिच्या स्मरणार्थ मैफल ठरवली. पोस्टर अर्थातच त्यांनी केलं. मंडळाचा तरुण चिटणीस दिग्विजय ते न्यायला आला आणि तळाची ओळ वाचून घुटमळला. 'तंबोऱ्यावर : मुक्ताई खरवंडीकर'.

"काका, नावाआधी 'कै.' राहिलंय. शिवाय त्या दिवशी तंबोऱ्यावर नम्रता बसणार आहे. लोकांना वाटेल, काकू येणार आहेत."

"वाटू दे."

"पण काका, चुकीचं छापायचं? आणि तेही तुम्ही?"

दत्तप्रसादांनी पोस्टरची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली.

"छाप. तीस वर्षं चुकीचंच छापलंय."