सासूबाईंच्या माशांचं पाणी

आमचे सासरे एका मोठ्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचे. तीस वर्षं. गल्लीत त्यांना सगळे बॉयलरवालेच म्हणत, आणि ते निवृत्त झाले तरी ते नाव काही निवृत्त झालं नाही. पाण्याच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. चहाचा एक घोट घेऊन ते सांगायचे, "आज नळाला वरच्या टाकीचं पाणी आलंय." नवी सून होते तेव्हा मला हे सगळं थोतांड वाटायचं. पुढे शेजारच्या प्लंबरलाच विचारून पाहायचे, तर दर वेळी बरोबर निघायचं. आता त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली, तरी ओल्या बुचाचा वास आला की मला ते दिवस आठवतात आणि मन हळवं होतं.

मासे मात्र सासूबाईंचे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी काचेची टाकी आणि तीत अकरा मॉली, मखमलीच्या तुकड्यांसारखे काळेभोर. आठवड्यातून एकदा दुपारी सासूबाई दोन कॅन घेऊन बाहेर पडायच्या आणि पाणी घेऊन यायच्या. कुठून, ते आम्ही कुणी कधी विचारलं नाही. सासरे तर टाकीकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. "पोरखेळ आहे नुसता," म्हणायचे.

सासूबाई चार दिवसांच्या तापाने गेल्या. त्या गडबडीत मी टाकीत नळाचंच पाणी भरत राहिले, आणि दीड महिन्यात चार मासे मेले. चौथा मासा सासऱ्यांनी स्वतः चमच्याने काढला. तो त्यांनी तळहातावर घेतला. मग म्हणाले, "सूनबाई, उरलेले सात जगले पाहिजेत. तिचं एवढंच उरलंय." ते रडले नाहीत, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल माया वाटली. तोवर नुसता धाक होता.

मग पाण्याचा शोध सुरू झाला. शाळेमागची विहीर, बागेतलं तळं, टेकडीखालचा झरा, आमच्याच गच्चीवरचं पावसाचं पिंप. माझा ओटा बाटल्यांनी भरून गेला. प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी, तिच्यावर ठिकाण आणि तारीख. बूच लावून बाटली दोन दिवस उन्हात ठेवायची, मग उघडून वास घ्यायचा. पिंपाच्या पाण्याला कुजका वास आला, ते बाद. तळ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग होता, कारण लोक तिथेच गाड्या धुतात. तेही बाद. विहिरीत बेडूक नाही, गोगलगाय नाही, साधा किडा नाही. "जिथे किडासुद्धा राहायला तयार नाही, तिथलं पाणी आपल्या माशांना कशाला?" असं म्हणून सासऱ्यांनी विहिरीवरही फुली मारली. जागा नव्हती म्हणून मी एक बाटली फ्रिजमध्ये ठेवली होती, ती माझ्या नवऱ्याने तोंडाला लावली. ते तळ्याचं पाणी निघालं. त्याला काही झालं नाही. सासऱ्यांनी तेही पाण्याच्या नोंदवहीत लिहून ठेवलं.

पहिला नंबर झऱ्याचा आला. साबणाचा कीस टाकून बाटली हलवली, तर फेस गळ्यापर्यंत. पातेल्यात पाणी आटवून पाहिलं, तर तळाला डागसुद्धा नाही. सासरे हरखून गेले. "असं पाणी मिळालं असतं तर माझा बॉयलर शंभर वर्षं चालला असता!" लगेच त्यांनी टाकीतलं निम्मं पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी मासे पंख मिटून एकाच जागी थरथरायला लागले, थंडी वाजल्यासारखे. सासऱ्यांना वाटलं, जुनं पाणी बाधतंय. त्यांनी आणखी झऱ्याचं पाणी ओतलं. दोन मासे मेले.

माझा तोल सुटला. "बाबा, ते मासे आहेत, बॉयलर नाही! त्यांची वाफ करायची नाहीये आपल्याला!"

बोलून गेले आणि जीभ चावली. ते दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझं बरोबर आहे. पाण्यात काही म्हणजे काही नसावं, यासाठी मी जन्मभर धडपडलो. जगायला पाण्यात काहीतरी असावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही."

सुनेपुढे चूक कबूल करणारा सासरा कुणाला माहीत असेल तर सांगा. मी त्यांचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी टाकीची काच साफ करायला घेतली. पाण्याच्या रेषेवर कित्येक वर्षांचा पांढरा थर बसला होता. मी घासणी उचलली, तोच सासरे "थांब!" म्हणून असे ओरडले की घासणी हातातून पडली. त्यांनी सुरीच्या टोकाने थर खरवडला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. पांढऱ्यात किंचित तांबूस झाक होती. बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळलं, तर चुरचुर फेस आला.

"हा चुना मी छिन्नीने फोडलाय गं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "आमच्या धुलाईघराची विहीर आहे ही."

त्या विहिरीचं पाणी भयंकर जड. त्यातल्या तांबूस चुन्याने बॉयलरच्या नळ्या चोंदायच्या, आणि सासरे रोज घरी येऊन तिच्या नावाने बोटं मोडायचे. विहिरीलाच पाण्यात पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे धुलाईघराला नळ आला, विहीर आवारातल्या झाडांपुरती उरली, तरी यांच्या शिव्या थांबल्या नाहीत. सासूबाई समोर भाजी निवडत असायच्या. हूं नाही की चूं नाही. "हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असं ते आमच्यासमोर म्हणायचे. आणि सासूबाईंनी शब्दन् शब्द ऐकला होता. मॉलींना चुन्याचं पाणी मानवतं, हे त्यांना मासेवाल्याने सांगितलं असेल. ते पाणी कुठे मिळतं, हे नवऱ्याच्या तक्रारींतून कळलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी म्हणणार होते, पण सासऱ्यांचा चेहरा पाहून कॅन शोधायला उठले.

तेच दोन कॅन घेऊन आम्ही धुलाईघरात गेलो. फाटकावर जुना पहारेकरी होता.

"या या, बॉयलरवाले! आणि वहिनी कुठे? दोन महिने दिसल्या नाहीत."

"ती गेली," सासरे म्हणाले.

पहारेकऱ्याने टोपी काढली. मग विहिरीपर्यंत तो आमच्याबरोबर चालत आला. "दर गुरुवारी यायच्या. साडेतीन म्हणजे साडेतीन. तुम्ही कामावर होतात तेव्हापासून. कॅन भरायच्या आणि बॉयलरखोलीच्या मागे त्या बाकावर दहा मिनिटं टेकायच्या. मी म्हणायचो, आत निरोप देऊ का? तर म्हणायच्या, नको, ते कामात असतात."

"मला कधी बोलला नाहीस तू!"

"मला वाटलं, तुम्हीच पाठवता त्यांना."

बॉयलरखोलीला त्या बाजूने खिडकी नव्हती. सासऱ्यांनी बाकाकडे पाहिलं आणि कॅन भरले.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या, असं सहा दिवस पाणी बदललं. सातव्या दिवशी मी चिमूटभर खाणं टाकलं, तर पाचही मासे पंख पसरून वर झेपावले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. "बाबा, वाचले! पाचही वाचले!"

सासरे टाकीपाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"साडेतीनला मी कामात नसायचो गं," ते म्हणाले. "साडेतीनला माझी चहाची सुट्टी असायची. आत एकटाच बसून प्यायचो."