किल्ली कोणापाशी?

नव्या सालईटोल्यात हर्षा गजभियेचं घर विचारलं तर कोणी प्लॉट नंबर सांगत नाही. ‘किल्लीवाली हर्षा का?’ असं उलट विचारतात आणि बोट दाखवतात. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नाही. एक बाई हातात मोबाईल घेऊन दारोदार फिरते आणि तुमच्या घराची किल्ली कुठे असते ते विचारते, म्हटल्यावर गाव तिला काय ओवाळणार होतं? नाव टवाळीनं पडलं आणि पुढे चिकटून राहिलं.

हर्षाचं माहेर साकोलीकडचं. बारावी होऊन विनोदच्या घरी आली तेव्हा गाव जुन्या जागी होतं, वैनगंगेच्या काठाला. शेजारी धुरपताबाई. वयानं मोठी, जिभेनं तिखट, मनानं मात्र भाताच्या पेजेसारखी मऊ. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, कशी करायची, सासऱ्याच्या रागाला कुठल्या दारानं वाट काढून द्यायची, हे सगळं या काकीनं शिकवलं. धुरपताबाई बाहेरगावी निघाली की घराची किल्ली हर्षाच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. लोक देवाच्या भरवशावर घर सोडतात, धुरपताबाई हर्षाच्या भरवशावर सोडायची.

मग नदीच्या खालच्या अंगाला बांधलेल्या धरणाचं पाणी चढत चढत आलं. गावानं एकमतानं ठरवलं होतं की कोणीही हलायचं नाही. पण मंगरूबुवांना, म्हणजे हर्षाच्या सासऱ्याला, दमा होता आणि ओल थेट चुलीपर्यंत आली होती. हर्षाचं घर सगळ्यांत आधी निघालं. तिच्यामागे दुसरं निघालं, तिसरं निघालं, आणि एकमताचं जे व्हायचं ते झालं. उरलेली घरं हट्टानं मागच्या टेकाडावर जाऊन बसली. धुरपताबाई त्यांच्यात. ट्रक भरल्यावर हर्षा किल्ली परत द्यायला गेली, तर धुरपताबाईनं हातच पुढे केला नाही. हर्षानं किल्ली ओट्यावर ठेवली. तेव्हा धुरपताबाई एवढंच बोलली, "जा. आता तुहं नाव माह्या तोंडून निंघनार नाही." आणि बाईनं शब्द पाळला. त्यानंतर कधी बोलायची वेळ आलीच तर ‘ते प्लॉटवाली’ म्हणायची.

नवं गाव त्या टेकाडाहूनही वर, उंचावर वसलेलं. तिथे रस्ते सरळ होते, माणसं मात्र उलटीपालटी झाली. चिठ्ठ्या टाकून प्लॉट मिळालेले. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार पार दुसऱ्या टोकाला गेला. स्वस्तातलं नेट आलं तेव्हा कोणीतरी सगळ्या गावाचा एक ग्रुप काढला. त्यात टेकाडावरचे होते, बाहेरगावी कामाला गेलेले होते, आणि कोणाचे कोण तेही होते. सकाळी फुलं, दुपारी औषधं, संध्याकाळी भांडणं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं बोट आणि ढकललं पुढे.

एका पावसाळ्यात त्याच ग्रुपवर आलं की नदीच्या वरच्या अंगाचं धरण फुटलं. कोणी लिहिलं, कुठून आलं, कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी पुढे ढकललं, हर्षानंही ढकललं. गाव पळत सुटलं. त्या गर्दीत मंगरूबुवा पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. धरण जागच्या जागी होतं, म्हातारा मात्र खाटेवरून उठला नाही तो नाहीच. बुवांना भरवताना हर्षाला रोज त्या एका बोटाची लाज वाटायची.

आणि पुढची गोष्ट याहून वाईट. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर गावानं ताक प्यायचंच सोडलं. पुढच्या वर्षी त्या वरच्या धरणातून पाणी सोडण्याची खरी सूचना त्याच ग्रुपवर आली. लोकांनी ती वाढदिवसाच्या फोटोंखाली पुरली आणि झोपून राहिले. नशीब, पाणी फारसं चढलं नाही. पण हर्षाला धडकी भरली. उद्या खरोखर पाणी आलं तर सांगणारा घसा फोडेल आणि ऐकणारा हसेल. टेकाडाचा तर नाल्यातून वर यायचा रस्ताच आधी बुडतो.

तिनं मनाशी पक्कं केलं की दोष फोनचा नाही. निरोप कोणाकडून आला हे कळत नाही, तिथेच सगळी गोम आहे. ग्रुपात सगळे सारखे. ज्याच्यावर जीव टाकावा तोही तिथेच आणि ज्याला दारात उभं करू नये तोही तिथेच. मग निरोपानं जायचं कुठून? जिथे विश्वास आधीच ये-जा करतो तिथून. आणि तो कुठून ये-जा करतो हे कोणाला थेट विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. म्हणून तिनं विचारलं, "बाहेरगावी जाता तवा किल्ली कोनापाशी ठेवता?"

काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! नवरा म्हणे किल्ली भावाकडे असते, बायको आतून म्हणे, "चार वर्सांपासून शकुनबाईपाशी ठेवतो." गावातले जुने शेतकरी पुंडलिकराव आधी उडवाउडवी करत राहिले, मग हळू आवाजात कबूल झाले की त्यांचीही किल्ली शकुनबाईकडेच असते. चिठ्ठीनं शेजारी आलेल्या या बाईच्या घरचा चहा चारचौघांत या गृहस्थानं कधी घेतला नव्हता. पण धानाच्या कोठीची किल्ली तिच्याकडे! माणसाचं तोंड जात सांगतं, किल्ली खरं सांगते.

विनोद भंडाऱ्याजवळ वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला; खोली तिथेच, रविवारी घरी. तो हसला. म्हणाला, एवढा मोठा ग्रुप होता, तू त्याचे तुकडे करून ठेवले. "भाकर बी तुकडे करूनच खातेत," हर्षा म्हणाली आणि कामाला लागली.

ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडूनच निरोप, असे तिनं चारपाच घरांचे छोटे ग्रुप जुळवले. एकाचा माणूस दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलायचं नाही. फोनमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून पाठवायचं आणि कोणाकडून ऐकलं त्याचं नाव घ्यायचं, अगदी डोळ्यानं पाहणाऱ्यापर्यंत. नाव नसेल तर निरोप तिथेच मेला. बायकांनी हे चटकन उचललं. पुरुषांना नाव घेणं जड गेलं, कारण नाव घेतलं की जबाबदारी येते.

साखळी जुळली, एक जागा सोडून. टेकाडावरच्या एकाही घराची किल्ली वर नव्या गावात कोणाकडे नव्हती. खालचे सगळे आपल्या किल्ल्या धुरपताबाईकडे ठेवायचे, आणि धुरपताबाई आपली किल्ली पदराला बांधून फिरायची. वरचं आणि खालचं गाव जोडणारा खिळा एकच होता, आणि तो, जुन्या घरातून उपटून आणून नव्या स्वयंपाकघरात ठोकलेला, हर्षाच्याच घरात रिकामा पडला होता.

ती गेली. धुरपताबाई ओट्यावर सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. बस म्हणाली नाही. हर्षा आपणच बसली. इतक्या वर्षांनी ती धुरपताबाईच्या ओट्यावर बसत होती, पण रडायला आली नव्हती. तिनं सगळं समजावून सांगितलं. सूप थांबलं नाही.

"काकी, माह्यावर राग ठेवा," ती शेवटी म्हणाली. "पन पानी येईन तवा मी तुमालेच सांगीन. आनि तुमी माहं नाव घेऊनच पुढं सांगा. नाही तं लोक विचारतीन, तुले ओट्यावर बसून कसं दिसलं?"

"निरोप आयकीन," धुरपताबाई म्हणाली. "नाव नाही घेनार."

हर्षा वर आली. अर्धी साखळी म्हणजे साखळीच नव्हे, हे तिला कळत होतं. पण तिनं धुरपताबाईचं नाव आपल्या ग्रुपात घातलंच.

त्यानंतरच्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. चांगलं ऊन पडलं होतं, दोन दिवसांत गावात थेंब नव्हता. दुपारी विनोदचा फोन आला. नदी फुगली होती, भंडाऱ्यात खालच्या वस्त्यांत पाणी शिरत होतं. वरच्या अंगाला कुठेतरी धो धो पाऊस झाला होता आणि ते पाणी आता खाली, गावाच्या दिशेनं, निघालं होतं. हर्षानं आधी त्यालाच धरलं. कोणाकडून ऐकलं?

"आयकलं नाही. मी खुद पुलाजवर उभा हावो."

तिनं ग्रुपात बोलायला सुरुवात केली. पहिलं उत्तर शकुनबाईचं आलं, मग पुंडलिकरावांचं, तेही शकुनबाईचं नाव घेऊन, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. रणरणत्या उन्हात लोक पुराच्या तयारीला लागले. कोणी हसलं नाही. धुरपताबाईनं निरोप ऐकल्याची निळी खूण उमटली. पुढे काही नाही. हर्षानं पुन्हा पाठवला. पुन्हा निळी खूण, पुन्हा काही नाही.

मग तिनं मंगरूबुवांना शकुनबाईच्या हवाली केलं आणि स्वतः टेकाडाच्या वाटेला लागली. नाव नको घेऊ बाई, पण मी स्वतः तुझ्या दारात उभी राहते, बघू कशी हलत नाहीस, असं पुटपुटत. नाल्याशी पोचली तर समोरून शेळ्या येताना दिसल्या. शेळ्यांमागे बायका, बोचकी, सायकलवर धान्याची पोती. सगळं टेकाड वर निघालं होतं. पुढे टेकाडावरचा सेवकराम. हर्षानं विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? त्यानं खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

"मी धुरपता बोलून राह्यली. पानी येऊन राह्यलं. मले हर्षानं सांगतलं. हर्षाले तिच्या नवऱ्यानं सांगतलं, तो पुलाजवर उभा हाये. हर्षा सांगते म्हनजे खरं हाये. घरं सोडा."

हर्षानं ते पुन्हा लावायला सांगितलं. सेवकराम म्हणाला, बाई, पाणी येऊन राहिलं. ती म्हणाली, माहीत आहे, लाव. नाल्याच्या काठावर, शेळ्यांच्या घोळक्यात, ती उभ्या उभ्या रडली.

धुरपताबाई सगळ्यांत शेवटी आली, खालचं एकेक घर रिकामं झाल्याचं पाहून. नाल्यात पाणी घोट्याला लागत होतं. हर्षानं हात दिला, तो तिनं धरला. तास-दोन तासांत नाल्याची वाट दिसेनाशी झाली, आणि शाळेच्या ओट्यावरून पाहताना संध्याकाळपर्यंत टेकाडावरच्या घरांची नुसती छपरं उरली.

धुरपताबाईचंही छप्पर त्यांत होतं. या बाईनं निघताना घराला कुलूप लावलं होतं. पुराला कुलूप, आता बोला! मग तिनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली हर्षापुढे धरली.

"खिळा हाये का अजून?"

"हाये," हर्षा म्हणाली, आणि या वेळी तिनं हात पुढे केला.