दावीद फायरमनच्या दोन सह्या

राहेल साळवे शिरूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. सत्त्याहत्तर सालच्या जुलैत तिच्याकडे 'वंश आणि समाज' हा नवा विषय आला. वाचायला लावायचं ते सगळं अमेरिका-आफ्रिकेतलं, तेही इंग्रजीतून. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, हे गोरं-काळं तिकडचं. आपल्याकडं कुठं हाय असलं?"

तिनं तो प्रश्न वहीत टिपून ठेवला. विभागप्रमुख शंकररावांनी मराठीतून चाळीस पानांची वाचनपुस्तिका करायला सांगितली होती. सोमवारी सायक्लोस्टाइलच्या छपाईसाठी स्टेन्सिल कापायच्या होत्या. त्यात घ्यायच्या मजकुराची यादी सकाळीच टेबलावर हवी होती.

राहेलला वडिलांचा अर्ज आठवला. दावीद साळवे दौंडला रेल्वेत फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकायचे. त्रेचाळीस साली त्यांनी आणि आणखी अकरा जणांनी गोऱ्या साहेबाला लिहून दिलं होतं: इंजिन एकच, मग गोऱ्यांची विश्रांतीची खोली वेगळी का, पाण्याचा नळ वेगळा का? त्यापायी त्यांची बढती दोन वर्षं अडली. दर नाताळात घरी ही गोष्ट निघायचीच.

शनिवारच्या एसटीनं ती दौंडला आली. बाबांनी हरखून ट्रंक उघडून दिली. "घे. पोरांना वाचाया दे. आन् माझं नाव गाळू नको."

अर्ज एका फडक्यात गुंडाळलेला सापडला. पण त्याच फडक्यात आणखी एक कागद होता. चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीचा ठराव, सन एक्कावन्न. मातंग समाजातून ख्रिस्ती झालेल्या दोन कुटुंबांनी प्रभुभोजनासाठी, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायच्या विधीसाठी, आपला प्याला घरून आणावा. खाली सेक्रेटरीची सही, दावीद साळवे. अक्षर तेच, 'द'चा तोच लांब फाटा.

गल्लीतली हन्नामावशी त्यातल्याच एका कुटुंबातली. प्रभुभोजन सुरू झालं की ती चर्चमधून उठून जायची. राहेलनं लहानपणी कितीदा पाहिलं होतं. मावशीला घरी काम असेल, असं तिला वाटायचं.

"बाबा, हे काय?"

दावीदनं कागद पाहिला आणि हात पुढे केला. "त्ये राहू दे. अर्ज घे फक्त."

"मी दोन्ही घेणार."

"येडी हायस का? मंडळीत तोंड दाखवायचंय मला. कमिटीचा ठराव व्हता. मी नुसती सही केली."

"अर्जावरही सहीच केली होतीत ना?"

दावीद उठून ओसरीवर जाऊन बसला. जेवायला आला नाही. दोन्ही कागद राहेलच्या पिशवीत होते, आणि ते परत ठेवावेत असं तिला दहा वेळा तरी वाटलं. बाप आता सत्तरीचा. आई गेल्यापासून मंडळी हेच त्याचं गणगोत.

रविवारी दुपारी ती हन्नामावशीकडे गेली. मावशी भाकरी थापत होती. राहेलनं ठराव वाचून दाखवला तशी ती थांबली, पण मान वर केली नाही.

"मला ठावं हाय त्यात काय ते. प्याला आमच्या ह्यांनी आणला व्हता एकदा. घरी येऊन फोडला."

"पुस्तकात घालू का, मावशी? तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार."

"माझं नाव नको. बाकी घाल." तवा आणखी तापला, धूर निघू लागला. "ठराव उठंस्तोवर अकरा वर्सं मी प्याले न्हाई. देवाशी भांडण नव्हतं माझं. तुझ्या बापाला सांग, मी इसरले न्हाई."

राहेलनं हे बापाला सांगितलं. त्यानं ट्रंक बंद केली.

सोमवारी शंकररावांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. "अर्ज छान आहे. साहेब गेले, आता कुणाला राग येणार? पण हा ठराव काढा. उद्या मुलं आपापल्या गावचं विचारतील. संस्थेचे लोक मला धरतील."

"मग दोन्ही काढा, सर," राहेल म्हणाली. नोकरीत ती अजून कायम झाली नव्हती. "एकच ठेवला तर ते खोटं होईल."

शंकरराव काही बोलणार तेवढ्यात शिपायानं सांगितलं, बाईंचे वडील आलेत. दावीद धुतलेला कोट घालून व्हरांड्यात उभा होता. तो आजवर कधी कॉलेजात आला नव्हता. त्यानं आपल्या हातानं लिहिलेलं, वहीचं फाडलेलं पान राहेलपुढं केलं.

"नुसती सही न्हाई केली मी. ठराव मीच मांडला व्हता. त्यांच्या हातचा प्याला नको, असं मीच बोललो. कुणी भाग पाडलं न्हाई. हे बी छाप."

शंकररावांनी ते उभ्या उभ्याच वाचलं. मग यादीवर सही केली.

तिन्ही कागद छापले गेले. त्या वर्षी मंडळीनं दावीदला कमिटीवर घेतलं नाही. दोघातिघांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. तो हन्नामावशीच्या दारात गेला, तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं, पण आत ये म्हटलं नाही. राहेलची नोकरी टिकली, मात्र कायम व्हायला तिला चार वर्षं जास्त लागली.

दिवाळीनंतर राहू गावच्या एका मुलीनं ट्यूटोरियलच्या वहीत आपल्या घरचं लिहिलं. आजीनं कुणाला ओसरीवरून उठवलं होतं त्याचं. दीड पान. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाई, हे वर्गात वाचू नका.'

राहेलनं ते वर्गात वाचलं नाही. शेजारी फक्त लिहिलं, 'पुढचं पण लिही.'