डाव्या अंगाची लिंक

सिंदेवाहीहून मूल गावाकडे निघालं की रस्त्याला लागून टिनाचं एक गॅरेज आहे. मुखरू बोरकुटेने तिथे सव्वीस वर्षं जीपा, पिकअप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. गाडी फाटकात वळेपर्यंत आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारा मिस्त्री, अशी त्याची ओळख. पण दीड वर्षापूर्वी त्यालाच एक दुखणं जडलं आणि ते त्याची बायको रंभा सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. काचबिंदू. डावा डोळा गेलाच होता, उजव्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. चंद्रपूरच्या डॉक्टरने थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही.

तेव्हापासून रंभा गॅरेजात बसू लागली. लोकांना वाटायचं, बाईला एकटीला घरी करमत नाही. ती पाने हातात द्यायची आणि गिऱ्हाईक समोर असलं की सहज बोलल्यासारखं सांगून जायची, "बोल्टाले गंज चढला जी, जरा हळू." मुखरू बोटांनी आटे चाचपत काम उरकायचा.

अशात राईस मिलवाल्यांच्या राजदीपने नागपूरहून एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. अंग इतकं खाली की प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायचं. महिन्याभरात पुढच्या डाव्या चाकातून खडखड येऊ लागली. मुखरूने हात घालून पाहिलं, लिंक तुटली होती. वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांमध्ये एक आडवा दांडा असतो. त्याची टोकं दोन्हीकडे वीतभर सळीने चाकाशी जोडलेली असतात, ती लिंक. नवी मागवली, बसवली. बाविसाव्या दिवशी ती तुटली. दुसरी बसवली, मग तिसरी, त्याही तुटल्या. दर वेळी डावीच. राजदीपने नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये महागातली टाकून घेतली. ती दीड महिना टिकली.

"भाऊ, तुमाले काय वाटते?" राजदीप गाडी घेऊन परत आला तेव्हा म्हणाला. "माल खराब आहे का?"

"चार चार वेळा माल कसा खराब रायीन?" मुखरू म्हणाला. "ठेवून जा. पाहतो."

पण त्याच्या मनात वेगळंच होतं. पहिल्या तीन लिंका त्याने स्वतः कसल्या होत्या. नट तिरपा चढला असेल आणि आपल्याला दिसलं नसेल तर? राजदीप गेल्यावर त्याने एक जुनी लिंक घेऊन डोळे मिटले आणि नट चढवला, काढला, पुन्हा चढवला. दहा वेळा नट सरळच बसला. तरी जीव थाऱ्यावर येईना. चौथी आपण बसवली नव्हती, तीही तुटली, हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी राजदीप आला तेव्हा गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी होती. मुखरू खाली उतरला. बॅटरी धरूनही त्याला एका वेळी रुपयाएवढाच तुकडा दिसे. ते तुकडे जोडून अख्खा दांडा पाहता येईना. शेवटी त्याने हाक मारली, "रंभा, खाली ये."

रंभा पदर खोचून उतरली.

"दांडा जिथी रबराच्या बूशातून जाते, तिथी पाह्य. दोन्हीकडे. काय दिसते?"

"उजवीकडे चिखल सुकला आहे. डावीकडे चिखल नाई. बूशाच्या बाजूले लोखंड चकाकून राह्यलं. दोन बोटं रुंद."

"कडी आहे का तिथी? दांड्यावर चढवलेली?"

"आहे. पण बूशापासून दूर सरकली. हातानं फिरते."

मुखरूने वर हाक देऊन राजदीपला गाडी आडवी हलवायला सांगितली. रंभा म्हणाली, "दांडा सरकला जी. डावीकडे गेला."

तेच होतं. दांडा जागेवर धरणारी कडी ढिली झाली होती. प्रत्येक वळणावर दांडा डावीकडे सरकायचा, डावी लिंक तिरपी होऊन अडायची आणि मोडायची. उजवीकडे जागा होती, म्हणून उजवी वाचायची. दोष नटाचा नव्हता, हाताचाही नव्हता. मुखरूने श्वास सोडला. मग त्याला वर राजदीपची चप्पल दिसली. पोरगा खड्ड्याच्या काठाशी वाकून केव्हाचा दोघांकडे पाहत होता.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "तुमाले दिसत नाई?"

मुखरू ढिली कडी बोटांनी चाचपत राहिला. उत्तर रंभाने दिलं. "कमी दिसते जी."

जीपच्या जुन्या लोखंडी पट्टीतून दोन अर्ध्या कड्या करून त्यांनी दांडा पक्का केला. बोल्ट रंभाने आवळले. मुखरूने प्रत्येकावर बोट ठेवून पाहिलं.

लिंक पुन्हा तुटली नाही. राजदीपने ते सगळ्यांना सांगितलं. चहाच्या टपरीवर, मिलवर, ज्याला त्याला. मुखरूभाऊंनी नागपूरवाल्यांना जमलं नाही ते शोधून काढलं, आणि तेही डोळे गेलेले असताना. त्याच्या सांगण्यात कौतुक होतं, कळकळही होती. पण ऐकणाऱ्यांच्या कानात शेवटचे शब्द तेवढे राहिले. ज्या माणसाला दिसत नाही त्याच्याकडून ब्रेक कोण करून घेणार? पिकअपवाले आधी थांबायचे बंद झाले, मग ट्रॅक्टरवाले. कोणी वाईट बोललं नाही. रस्त्यात भेटले की "कसे हा भाऊ" म्हणत, थोडं मोठ्याने, जणू त्याचे कानही गेले होते.

दिवाळीनंतर राजदीप घरी आला आणि रंभाला मिलवर तांदूळ निवडायचं काम देऊन गेला. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. ती सकाळी आठला निघते. मुखरू टिनाखाली खुर्ची टाकून बसतो. उजव्या डोळ्यातली नळी आता आणखी अरुंद झाली आहे.

परवा एक ट्रॅक्टर समोर थांबला. ड्रायव्हर नागभीडकडचा, नवखा. इंजिन चालूच ठेवून त्याने विचारलं, "मिस्त्री कुठी हायत जी?"

इंजिनात डिझेल फवारणारी एक नोजल गळत होती. मुखरूला ते पहिल्या चार ठोक्यांतच कळलं होतं.

"पुढं मूलले पाहा," तो म्हणाला. ट्रॅक्टर गेला, आणि तो आवाज पार विरेपर्यंत मुखरू ऐकत बसला.