मापाधिकाऱ्याच्या तोंडी आत्या

आत्या नवं काही शिवत नाही. घट्ट झालेल्या पँटा, लांब पडलेल्या बाह्या, थोरल्याकडून धाकट्याकडे आलेले कोट उसवून पुन्हा बेतात बसवून देते. गल्लीत मात्र तिच्या हातापेक्षा जिभेचाच बोलबाला जास्त. समोरचा दुकानदार तिच्या मते कच्च्या टाक्यांचा माणूस, जरा ओढला की सुटणारा. ढगाळ दिवस म्हणजे इस्त्री न केलेलं आभाळ. आईवेगळ्या भाचीला तिनेच वाढवलं, कुणी त्याचं कौतुक केलं की म्हणायची, "रफू केलंय. दिसतंय का कुठे?"

त्या भाचीने कादंबरी लिहिली. एके दुपारी ती मशीनशेजारच्या स्टुलावर बसून पहिलं प्रकरण वाचू लागली. शेजारचा इस्त्रीवालाही दारात येऊन टेकला.

कादंबरीत एक शहर होतं. तिथे सगळ्यांना सरकारी मापाचा एकच कोट. तो कंबरेला घट्ट झाला की गुन्हा. गोष्ट सांगत होता तिथला मापाधिकारी, मोठा निर्दयी माणूस. "आज आभाळाला इस्त्री नव्हती," त्याने सुरुवात केली. पुढे म्हणाला, "माणसं वरून गुळगुळीत असतात. अस्तर उलटून बघावं लागतं."

इस्त्रीवाल्याने मिशीत हसून आत्याकडे पाहिलं. "हा साहेब तुमच्या माहेरचा का हो?"

आत्याच्या पायाखालचं मशीन थांबलं. वाढवलेली पोर आपल्याला अशी बघते की काय?

"आत्या, तो तू नाहीस गं. किती दुष्ट आहे तो."

"दुष्ट आहे हे तू सांगतेस. त्याने तोंड उघडलं की मीच बोलते."

भाचीने मान खाली घालून वाचन रेटलं. एका म्हाताऱ्याचा कोट घट्ट झालेला सापडला आणि मापाधिकाऱ्याने तो त्याच्या अंगावरच टर्रकन फाडला.

"खोटं," आत्या म्हणाली. "आभाळाची सुरकुती ज्याला टोचते, तो कापड फाडेल? उसवेल. एकेक टाका."

"आणि शाळेतल्या हेडबाईंचा कोट?" भाचीने विचारलं.

आत्याने दोऱ्याचं टोक ओठांत धरलं.

"कोणता कोट?" इस्त्रीवाल्याने कान टवकारले.

"हेडबाई मला दुकानात येऊन मठ्ठ म्हणाल्या होत्या. हिने त्यांच्यादेखत त्यांचाच कोट फाडला. पाठीतून."

"जुना होता तो," आत्या पुटपुटली.

"आणि मग त्यांनाच खुर्ची देऊन शिवायला बसलीस. माझ्याकडून सुई ओवून घेतलीस, तुला ओवता येईना म्हणून."

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. पोर एवढीशी होती तेव्हा, आणि सगळं पाहत होती.

"मग ते लिही की," ती म्हणाली. "फाडल्यावर तो काय करतो?"

भाचीने पेन काढलं. तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं. मापाधिकारी जमिनीवर उकिडवा बसून सुई शोधत होता, आणि म्हातारा त्याला म्हणत होता, "साहेब, तुमच्या डाव्या गुडघ्याखाली आहे."

"आता झालात ना तो साहेब तुम्हीच?" इस्त्रीवाला म्हणाला.

"आता झाले," आत्या म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू केलं. "पण म्हाताऱ्याला बसायला काहीतरी दे गं. कोट होईपर्यंत उभा राहील का तो?"