शिवडीच्या किल्ल्यावर घेतलेलं नाव

खाडीला ओहोटी लागली की चिखलाचा वास आमच्या परळच्या घरापर्यंत येतो. सून नाक मुरडून खिडक्या लावते. मला शिवडीचा किल्ला आठवतो.

संयुक्त महाराष्ट्रासाठी आम्ही चाळीतल्या बायका तेव्हा दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाला जाणार होतो. अटक झाली की पोलीस नवऱ्याचं नाव विचारणार होते. मी ते लग्नापासून कधी घेतलं नव्हतं. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने शिकवलेलं. शेजारची अनसूयाकाकी म्हणाली, "नाव सांगितलं नाय तर घरी हाकलतील गो. चल माझ्याबरोबर."

तिने मला टेकडीवरच्या त्या ओसाड किल्ल्यात नेलं. तटाचे दगड उन्हाने तापले होते, फटींतून गवत उगवलं होतं आणि खाली सगळी खाडी पसरली होती.

"बोल आता. हय कोण नाय ऐकूक."

"मी त्यांना अहो म्हणते, काकी."

"पोलीस काय अहो लिहून घेतील?"

मी पदर तोंडाशी धरला. काकीने तो ओढून खाली केला. मग मी खाडीकडे बघून ओरडले, "गणपत." जीभ सरावेपर्यंत तेच ओरडत राहिले.

आता त्या भीतीचं हसू येतं. नवरा चांगला म्हातारा होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी चौकीत हवालदाराने विचारलं, तेव्हा मी नवऱ्याचं नाव इतक्या मोठ्याने सांगितलं की तो म्हणाला, "बाई, मी बहिरा नाही."

"मग लिहा," मी म्हटलं, आणि त्याने लिहीपर्यंत टेबलासमोरून हलले नाही.